गेनबानं लाल गाडीची गळती कशी काढली

काळोबाच्या डोंगराखाली कासारशेत म्हणून गाव आहे. त्या गावात एक भोळा माणूस राहायचा. नाव गेनबा. शहाणी माणसंही गावात पुष्कळ होती आणि त्यांनी गावाचं नुकसानही पुष्कळ केलं होतं. पण त्या सगळ्यांनी मिळून वर्षभरात जेवढं केलं असेल, तेवढं गेनबा एका सकाळी करायचा. आणि तेही कुणावर न चिडता.

अंगानं रेडा, मनानं लोणी. सांगितलेलं काम तो कधी टाळायचा नाही. तिथंच तर सगळा घोटाळा होता.

गिरणीवाल्यानं त्याला सांगितलं, "मी येईपर्यंत पिठावर नजर ठेव." गेनबानं नजर ठेवली. कुत्रं आलं. त्यानं पीठ हुंगलं, चाटलं, अर्धा डबा खाल्ला आणि उरलेल्यात लोळलं. गेनबानं पिठावरची नजर ढळू दिली नाही. नोकरी गेली.

मग तो फोटोवाल्याकडं लागला. फोटोवाला म्हणाला, "गिऱ्हाईक आलं की त्याला जरा हसव." पहिलंच गिऱ्हाईक आलं ते वारलेल्या वडलांचा फोटो मोठा करून घ्यायला. गेनबानं त्याला गुदगुल्या केल्या. तीही नोकरी गेली.

शेवटी त्याची बायको सगुणा त्याला हाताला धरून रज्जाक मिस्त्रीच्या गॅरेजवर घेऊन आली.

"मिस्त्री, कामाला वाघ हाय. फकस्त सांगताना नीट सांगा."

"नीट म्हणजे कसं?"

"जे पायजे तेच सांगा. आनि ह्यो इथनं बी परत आला तर मी ह्येला माझ्या आईकडं धाडनार."

"म्हणजे तू माहेरी जाणार?"

"मी कशाला? ह्येला धाडनार. मी घरात सुखानं ऱ्हाईन."

रज्जाक मिस्त्री हसला. माणूस दिलदार होता. म्हणाला, "ठेवून जा. आजवर असं कुठलं इंजिन आलं नाही जे मला कळलं नाही. हा तर माणूस आहे."

त्याच आठवड्यात ती लाल गाडी आली.

गाडी गुरांच्या डॉक्टरीणबाईंची. वसुधा नलवडे त्यांचं नाव. त्यांचा दवाखाना गॅरेजला लागूनच होता. भाऊ बोटीवर नोकरीला होता, त्यानं जपानातून ही गाडी धाडलेली. बसकी, लालभडक, दोन दारांची. गावात अशी दुसरी गाडी नव्हती आणि तिच्यासारखं इंजिन तर अख्ख्या जिल्ह्यात नव्हतं.

मिस्त्रीनं बॉनेट उघडलं आणि गेनबाला दाखवलं.

"हे बघ. ह्यात पिस्टन नाही. वर-खाली काही होत नाही. आत तिकोनी समोशासारखा रोटर असतो, तो गोल गोल फिरतो. आणि हा बाजूला शंखासारखा दिसतो तो टर्बो. गाडीच्याच धुरानं ह्याच्यातला पंखा फिरतो आणि इंजिनात हवा कोंबतो."

"समोसा गोल फिरतो," गेनबा म्हणाला, "आनि शंख हवा कोंबतो."

"शाबास."

गाडी चालू केली. पळायचं राहू दे, तिला धड उभंही राहता येईना. घुर्र करायची, मधेच फट् करायची, पडल्यासारखी व्हायची, पुन्हा उसळायची. बॉनेट, आरसे, नंबराची पाटी, सगळं थडथडत होतं. खाली तेलाचं थारोळं. आणि आतून कुठूनतरी फुसफुस.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मिस्त्री, जत्रेच्या दिवशी घाटाची शर्यत आहे. गेल्या वर्षी शिंगटे काय बोलला ते ऐकलंय ना तुम्ही?"

अख्ख्या गावानं ऐकलं होतं. शिंगटे म्हणजे ऊसवाहतुकीचा ठेकेदार. दरवर्षी त्याची जीप पहिली यायची. भर जत्रेत तो म्हणाला होता, "बाईनं म्हशीच्या मागं हात घालावा, स्टिअरिंगला घालू नये."

रज्जाक मिस्त्रीनं पाना उचलला. "बाई, ही गाडी घाट चढून शिंगट्याच्या आधी वर गेली नाही, तर मी गॅरेजला कुलूप घालून कोंबड्या पाळीन."

बोलला आणि कामाला लागला. अर्धा दिवस गाडी चालू ठेवून तो इकडून तिकडून वाकून बघत होता. मग गेनबाला म्हणाला, "माझे कान आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. तू इथं टर्बोला कान लाव, आणि काय ऐकू येतं सांग."

टर्बो तापून लाल व्हायचा बाकी होता. गेनबानं लहानपणी देवळातल्या शंखाला कान लावलेला होता. तसाच लावला. अगदी दाबून.

"काय ऐकू आलं?" मिस्त्रीनं विचारलं.

"चर्र," गेनबा म्हणाला.

कानाला हळद-तूप लावून झाल्यावर मिस्त्रीनं त्याला समोर बसवलं. "अरे, कान लाव म्हणजे चिकटवायचा नाही. लांबून ऐकायचं. आता बघ मी काय करतो." त्यानं एका नळीत कॉम्प्रेसरची हवा भरली आणि वरून साबणाचं पाणी सोडलं. नळीच्या तोंडाशी बुडबुडे आले. "फुस्स ऐकलंस? जिथनं फुस्स येतं, तिथं गळती. दिसलं की तिथं पट्टी घालून घट्ट आवळायचं. हवेचा कणसुद्धा बाहेर येता कामा नये. कळलं?"

"कळलं मिस्त्री. आता चुकायचं न्हाई."

आणि खरंच, ती पट्टी गेनबानं अशी आवळली की मिस्त्री खूश झाला. खूश होऊन म्हणाला, "जा, घरी जाऊन जेवणाचा डबा घेऊन ये."

मिस्त्रीच्या घरी जैतूनभाभी परसात कपडे वाळत घालत होत्या. चुलीवर कुकर होता. गेनबा उंबऱ्यात उभा राहिला आणि आतनं आवाज आला. फुस्स.

गेनबा दचकला. लांबनंच कान दिला. पुन्हा फुस्स. मिस्त्रीच्या घरात गळती! खिशात तार होतीच. त्यानं कुकरची शिट्टी खाली दाबली, वरून तारेचे वेढे घातले, पक्कडीनं पीळ मारला आणि झाकणाच्या कडेनं सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. हवेचा कणसुद्धा बाहेर येईना. मग तो शांतपणे बाहेरच्या ओट्यावर येऊन बसला.

आवाज झाला तेव्हा भाभींना वाटलं, वीज पडली.

मिस्त्रीनं डबा उघडला तर आत नुसती भाकरी.

"डाळ कुठाय?"

"छताला," गेनबा म्हणाला.

मिस्त्रीनं कोरडी भाकरी खाल्ली. पाणी प्याला. रागावर पाणी पडावं म्हणून पुन्हा प्याला. मग म्हणाला, "गेनबा, कुणाला लागलं नाही हे नशीब. आता नीट ऐक. आत काही कोंडलेलं असलं ना, की त्याला कोंडून ठेवायचं नाही. स्फोट होतो. आधी सोडून द्यायचं. सगळी हवा जाऊ दे, मग पुढचं. कळलं?"

"कळलं मिस्त्री. आता चुकायचं न्हाई."

दुपारी मिस्त्री सामान आणायला तालुक्याला गेला. गेनबा एकटाच गॅरेजवर होता. सहज त्यानं लाल गाडीच्या चाकाला अंगठा लावला. चाक टणक. आत हवा कोंडलेली. त्याच्या अंगावर काटा आला. एक नाही, चार चाकं!

त्यानं चारीतली हवा सोडून दिली. मग रस्त्याकडं बघितलं. अख्खं गाव स्फोटावर बसलेलं होतं आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता. गेनबा हातात खिळा घेऊन निघाला. पोस्टमनची सायकल सोडली. हवालदाराची मोटारसायकल सोडली. शिंगट्याच्या ट्रॅक्टरचं मोठं चाक सोडताना त्याला दम लागला, पण त्यानं सोडलं. चौकात एक फुगेवाला उभा होता. त्याच्याशी थोडी झटापट झाली.

मिस्त्री परत आला तेव्हा एसटीतून उतरल्या उतरल्या त्याला दिसलं, की सगळं गाव चार बोटं खाली बसलंय.

"गेनबा!"

"मिस्त्री, एक बी स्फोट झाला न्हाई."

त्या संध्याकाळी गॅरेजच्या कॉम्प्रेसरवर लग्नाच्या पंगतीसारखी रांग लागली. हवालदार सगळ्यात पुढं. मिस्त्री एकेकाची हवा भरत होता आणि हात जोडत होता. रांग संपल्यावर तो उकिडवा बसला आणि म्हणाला, "बाबा माझ्या, जे बिघडलेलं नाही त्याला हात लावायचा नाही. आपल्याला फक्त गळती शोधायची आहे. हा पुठ्ठा घे. गाडीखाली सरकव. थेंब पडला तर वर कुठंतरी सील गेलंय असं समज. थेंब नाही, तर हातही नाही. थेंब पडला, की खाली वाकून भोक शोधायचं आणि चिंधीचा बोळा घालायचा. कळलं?"

"कळलं मिस्त्री. आता चुकायचं न्हाई."

सकाळी पुठ्ठ्यावर रुपयाएवढा काळा डाग होता, बरोबर टर्बोच्या खाली. मिस्त्री आडवा होऊन खाली घुसला. टर्बोतून तेल परत जायची जी नळी असते, तिच्या बुडाच्या सांध्यातलं गॅस्केट फाटलेलं होतं. "सापडलं!" तो आतूनच ओरडला. "गेनबा, तुझा पुठ्ठा पावला!"

गेनबाला आयुष्यात पहिल्यांदा कुणी असं म्हणालं होतं. त्याची छाती फुगली. उरलेले पुठ्ठे बगलेत मारून तो आणखी गळत्या शोधायला निघाला.

त्यानं चहाच्या टपरीखाली पुठ्ठा घातला. झोपलेल्या वाण्याच्या तोंडाखाली घातला. मग डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात शिरला. तिथं आत्माराम गवळ्याची म्हैस खांबाला बांधलेली. पोट फुगलं म्हणून आणली होती. बाई आत इंजेक्शन भरत होत्या. गेनबानं म्हशीच्या मागं पुठ्ठा सरकवला आणि वाट बघत बसला.

म्हशीनं फार वाट बघायला लावली नाही.

थेंब म्हणावा तर तो थेंब नव्हता. पुठ्ठा वाहून गेला. गेनबा घाबरला. पण मिस्त्रीचं बोलणं त्याच्या ध्यानात होतं. तो खाली वाकला. भोक शोधलं. चिंधीचा बोळा केला.

पुढचं आत्माराम गवळ्यानं बघितलं, आणि मरेपर्यंत तो ते सांगत होता. म्हणे गेनबा दवाखान्याच्या दारातून आडवा बाहेर आला, रस्ता हवेतून ओलांडला आणि समोरच्या शेणखतात उभा रोवला गेला. बोळा मात्र हातातच होता.

तसाच तो गॅरेजवर गेला. "मिस्त्री, म्हशीचं मागचं सील गेलंय. आनि ते बसवू बी देत न्हाई."

मिस्त्रीच्या हातात गॅस्केट होतं. ते त्यानं खाली ठेवलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "या अल्ला. गेनबा, इथनं पुढं एकच नियम. मला विचारल्याशिवाय कशालाही बोट लावायचं नाही. काहीही होऊ दे. आभाळ पडू दे. आधी माझ्याकडं यायचं, अदबीनं विचारायचं, मी हो म्हणालो तर करायचं. कळलं?"

"कळलं मिस्त्री. आता चुकायचं न्हाई."

गॅस्केट बसलं. फाटकी रबरी नळी बदलली. तेलाचं थारोळं बंद झालं, फुसफुस बंद झाली. जत्रा दुसऱ्या दिवसावर आली होती. मिस्त्रीनं गाडी धुऊन गॅरेजबाहेरच्या उतारावर उभी केली, चाकाला दगड लावला आणि चांगल्या दिवशी चांगलं दिसावं म्हणून तो दाढी करायला समोरच्या सलूनमध्ये जाऊन बसला.

तेवढ्यात एक रेडकू आलं. गाडीला अंग घासून बघितलं. बरं वाटलं म्हणून जोरात घासलं. दगड निसटला. गाडी हळूहळू मागं सरकायला लागली.

गेनबा शेजारीच उभा होता. नुसता हात लावला असता तरी थांबली असती. पण बोट लावायचं नाही म्हणून ठरलेलं. तो धावत सलूनमध्ये गेला.

"मिस्त्री, एक इचारायचं हुतं."

वस्तरा गळ्यावर होता. न्हावी म्हणाला, "थांब की गड्या. बोलले तर कापंल."

गेनबा थांबला. अदबीनं. हात बांधून. डावा गाल झाला. उजवा गाल झाला. न्हाव्यानं तुरटी फिरवली. मग मान मोडली, डोक्याला तेल घातलं आणि चांगली चंपी केली. मिस्त्रीनं सुखानं डोळे उघडले.

"हं. काय विचारायचं होतं?"

"गाडी उतारानं चाललीया. हात लावू का?"

मिस्त्री गळ्यातल्या फडक्यासकट पळत सुटला.

नशीब गाडीचं. ती उतार संपवून ग्रामपंचायतीच्या उकिरड्यात मागच्या अंगानं अलगद जाऊन बसली होती. एक ओरखडा नाही. नुसती वर कोंबडी बसलेली. बाहेर काढली, धुतली, किल्ली फिरवली. आणि गाडी अशी चालू झाली की मिस्त्रीचा राग जागच्या जागी विरघळला. थडथड नाही. फट् नाही. एकसारखा गोड आवाज. त्यानं चहाचा भरलेला ग्लास बॉनेटवर ठेवला. चहावर सुरकुतीसुद्धा पडली नाही.

डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मिस्त्री, ही तीच गाडी का?"

"तीच. आत समोसे सुखानं फिरायला लागलेत." मग तो गेनबाकडं वळला. "आणि तू. उद्या तरी मला बुडवू नको. उद्या विचारत बसायचं नाही. ऐकलंस? मोठ्या माणसाच्या तोंडातून शब्द पडला की त्याक्षणी करायचं. का नाही, कसं नाही, एक श्वाससुद्धा मधे घ्यायचा नाही. कळलं?"

"कळलं मिस्त्री. आता चुकायचं न्हाई."

जत्रेचा दिवस उजाडला. घाटाच्या पायथ्याशी ही गर्दी. शर्यतीचं उद्घाटन करायला स्टेज पाहिजे म्हणून शिंगट्यानं आपली उसाची चारचाकी ट्रॉली दिली होती. ट्रॅक्टर सोडून नेला होता. ट्रॉलीला लाल कापड, वर खुर्च्या, माईक, हारतुरे. रस्ता चढाचा, म्हणून ट्रॉली मागं घसरू नये यासाठी चाकांच्या मागं दोन दोन दगड. वर सरपंच दाजीसाहेब बसले होते. त्यांच्या वजनाचा माणूस पंचक्रोशीत नव्हता. मानानं म्हणा नाहीतर काट्यावर म्हणा. बाजूला उपसरपंच, तालुक्याचे एक साहेब आणि झेंडा घेतलेले पंच.

ट्रॉलीच्या पुढ्यात दोन गाड्या. उजवीकडं शिंगट्याची जीप, डावीकडं लाल गाडी. शिंगटे पानाची पिंक टाकून म्हणाला, "बाई, म्हैस कुठाय?" बाईंनी हेल्मेट घातलं.

मिस्त्रीला शेवट बघायला घाटमाथ्यावर जायचं होतं. निघताना त्यानं गाडी चालू करून दिली, बॉनेटवर हात ठेवून एकदा खात्री केली आणि गेनबाला म्हणाला, "शर्यत सुरू होईपर्यंत इथंच थांब. लक्ष ठेव. गाडी जागची हलता कामा नये. जराशी जरी हलली तरी माझी सगळी मेहनत पाण्यात. काय वाट्टेल ते कर, पण हलू देऊ नको."

त्याला म्हणायचं होतं, थडथडता कामा नये. पण तो मोटारसायकलवर बसून निघून गेला.

गेनबानं विचारलं नाही. एक श्वास मधे घेतला नाही. गाडी जागची हलू द्यायची नाही, तर ती बांधली पाहिजे. कशाला? सगळ्यात जड वस्तूला. त्यानं आजूबाजूला बघितलं. ट्रॉली जड. त्यात वर सरपंच बसलेले. मग तर प्रश्नच मिटला.

ट्रॉलीखाली ऊस आवळायची साखळी पडलेली होती. सगळे देवाच्या पालखीकडं बघत होते. गेनबानं साखळीचं एक टोक ट्रॉलीच्या कडीत अडकवलं, दुसरं लाल गाडीच्या मागच्या आकड्यात. ओढून बघितलं. पक्कं. मग पुन्हा सुटू नये म्हणून तो स्वतः ट्रॉलीच्या पुढच्या दांडीवर चढून बसला.

सरपंच माईकसमोर उभे राहिले. "बंधूंनो आणि भगिनींनो! आज आपलं गाव प्रगतीच्या वाटेवर..."

भाषण लांबणार हे ओळखून पंचांनी झेंडा खाली केला.

शिंगट्याची जीप सुटली. बाईंनी पाय दाबला. लाल गाडी अर्धा हात पुढं गेली आणि अडली. बाईंना वाटलं, पुन्हा जुनं दुखणं. त्यांनी दात आवळले आणि पाय तळापर्यंत दाबला. इंजिन किंचाळलं. शंखातला पंखा शिट्टी घालायला लागला. मागची चाकं धूर ओकायला लागली. आणि साखळी ताठ झाली.

"...प्रगतीच्या वाटेवर निघालेलं आहे," सरपंच म्हणाले, आणि ट्रॉली निघाली.

दगड होते ते चाकांच्या मागं. पुढं तर मोकळा रस्ता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हे ठरलेलंच असेल. माईकची वायर तुटली, सरपंच मटकन खुर्चीत बसले आणि लाल कापड, हारतुरे, साहेब, पंच, सगळं वाजतगाजत घाट चढायला लागलं.

"थांबवा!" सरपंच ओरडत होते. "अगं बाई, थांबव!"

बाईंच्या डोक्यात हेल्मेट. आरशात बघितलं तर मागं दाटीवाटीनं माणसं हात उंचावून ओरडतायत. त्यांना वाटलं, गाव आपल्या बाजूनं उभं राहिलं. त्यांना हुंदका फुटला आणि त्यांनी पाय आणखी दाबला.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर शिंगट्याची जीप बॉनेट वर करून वाफा सोडत उभी. शिंगटे पाण्याची बाटली घेऊन खाली उतरलेला. त्याच्या शेजारून लाल गाडी गेली. गाडीमागून त्याचीच ट्रॉली गेली. ट्रॉलीत अख्खी ग्रामपंचायत. शिंगट्याच्या हातातली बाटली पडली.

घाटमाथ्यावर रज्जाक मिस्त्री उभा होता. खालून आवाज आला. एकसारखा, गोड, मधे कुठं न तुटणारा. "आली!" तो नाचायला लागला. "माझी गाडी आली!" लाल नाक वळणावर दिसलं. त्यानं टोपी उडवली. मग गाडीमागचं दिसलं आणि टोपी झेलायचं राहून गेलं.

गाडी चुन्याची रेघ ओलांडून थांबली. पहिली. ट्रॉलीसकट पहिली. बाईंनी हेल्मेट काढलं, मागं बघितलं आणि तशाच उभ्या राहिल्या. इंजिन शांतपणे चालू होतं. ना थेंब, ना फुसफुस. मिस्त्रीला हसू की रडू कळेना. शर्यत जिंकली होती, शिंगट्याचं तोंड कायमचं बंद झालं होतं, आणि रेघेच्या अलीकडं, ऐन चढावर, साखळीला लोंबकळत अख्खी पंचायत उभी होती.

सरपंचांचा फेटा सुटून गळ्यात आला होता. दम खात ते उभे राहिले. खाली दांडीवर त्यांना गेनबा दिसला, दोन्ही हातांनी साखळी धरून बसलेला.

"तू! तू बांधलंस हे?"

"व्हय जी."

"अरे गाढवा, बघतोस काय? सोड ती साखळी! सोड आधी!"

"थांब!" मिस्त्री रेघेवरून ओरडला. "गेनबा, थांब! आधी दगड..."

पण सरपंच मोठे. शब्द त्यांचा आधी पडलेला. का नाही, कसं नाही, एक श्वास मधे नाही. गेनबानं दांडीवरून उडी मारली आणि आकडा काढला.

ट्रॉली क्षणभर विचारात पडल्यासारखी थांबली. मग निघाली.

नंतरचं सांगायचं तर कुणाला फारसं लागलं नाही. पहिल्याच वळणावर रस्ता वळला आणि ट्रॉली वळली नाही, ती सरळ बांधावरून शिंगट्याच्या उसात घुसली आणि मऊ मातीत बसली. सरपंच आठवडाभर अंगातून पाचटाची कुसळं काढत होते. तालुक्याचे साहेब पुन्हा कधी कासारशेतात आले नाहीत. बाईंना ढाल मिळाली. मिस्त्रीला कोंबड्या पाळाव्या लागल्या नाहीत. सगुणानं मात्र त्याच संध्याकाळी नवऱ्याचं गाठोडं बांधलं आणि त्याला आपल्या आईकडं धाडून दिलं.

पण ते नंतरचं. त्या वेळी घाटमाथ्यावर गेनबा शांतपणे हात झटकत उभा होता. मिस्त्री डोकं धरून चुन्याच्या रेघेवर बसला होता. आणि वळणापलीकडं लहान होत जाणारा सरपंचांचा आवाज डोंगरात घुमत होता, "अरे धर! धर रे! गेनबा, धर!"

गेनबानं कपाळावर हात धरून खाली बघितलं. मग मान हलवत मिस्त्रीकडं वळला.

"घ्या. मगाशी म्हनले सोड, आता म्हनत्यात धर. मिस्त्री, ह्या मोठ्या मान्सांचं एक कायतरी ठरल्यालं नसतंय बगा."